मायोसिनची फितुरी

सानगडीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तेवढ्यात मी गावाला रस्सीखेच शिकवायला निघालो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. त्या मंडईत शेजारच्या कोंढा गावाचा संघ आमच्या गावाला दरवर्षी फरफटत न्यायचा.

मी पारावर खडूने चित्र काढलं. "स्नायूत दोन जातीचे धागे असतात. ते आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. मायोसिनच्या धाग्याला इवलाली डोकी असतात. ती शेजारच्या ऍक्टिनला धरतात, मान वाकवून ओढतात, सोडतात, पुढे धरतात. पण सगळी एकदम सोडत नाहीत. आपणही एकाआड एक हात बदलायचे."

"अन् सोडाले कोन सांगते त्यायले?" माझ्या जिवलग मित्राने विचारलं. धानाचा व्यापारी, अंगाने भरल्या पोत्यासारखा. सगळ्यात मागे, कमरेला दोर गुंडाळून तोच उभा राहणार होता.

"एटीपी नावाचा रेणू येऊन चिकटला की डोकं सुटतं. तो नाही आला तर पकड तशीच. मेलेला माणूस ताठतो तो त्यामुळंच."

"म्हंजे सोडाले बी रसद लागते!"

असा शिष्य मिळाला म्हणून मी फुगलो. मुख्याध्यापकांना सांगून बसलो, "हरलो तर पुन्हा हा धडा शिकवणार नाही."

मंडईत शास्त्र चाललं हो, खरंच चाललं! कोंढेकर इंचाइंचाने सरकत होते. आणि एकाएकी मागचा भारच गेला. दोर माझ्या तळहातांची सालं काढत निघून गेला, मी तोंडावर. वळून पाहतो तर आमचा खांब कंबर मोकळी करून उभा.

"काहून सोडलास बे?"

"मायोसिन सुटलं, गड्या."

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच मागून आवाज आला, "सर, सुटलं!"

आठवडाही झाला नसेल, माझ्या मित्राचं साक्षगंध निघालं. मुलगी कोंढ्याची, तिचा बाप त्या संघात सगळ्यात पुढे. सोयरीक मंडईआधीच जुळलेली. रोज माझ्यासोबत चहा पिणाऱ्याने मलाच तेवढं सांगितलं नव्हतं.

पंगतीत त्याने सासऱ्याला ओळख करून दिली, "हे आमचे मास्तर. सोडाचं कसं, ते यायनंच शिकवलं."

सासरा खदखदून हसला. माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या, बोटं मिटत नव्हती. मित्र शेजारी बसला, बुंदीचा लाडू फोडून माझ्या तोंडापुढे धरला.

"आ कर बे."

मला उठून जायचं होतं. पण जबड्याचे स्नायूही त्याच्याच बाजूचे निघाले.