थांबाबाई आणि दादाची एकोणीस वाक्यं

आमच्या भागात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे थांबाबाई म्हणतात, कारण कुणी मशीनच्या बटणाकडे हात नेला की त्यांचा पहिला शब्द असतो, "थांबा." पन्नाशी उलटलेली, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि शिवणयंत्राच्या तेलाची कुपी. वडिलांचं पंखे दुरुस्तीचं दुकान होतं, तिथेच लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, ही बाई काय दिवे लावणार!

मी थांबणाऱ्यातली नाही. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं मीच पुरं करते. माझ्या थोरल्या भावाचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला, तेव्हा ही खोड माझ्या लक्षात आली. सुटली मात्र नाही.

दादाच्या मुलीने जुन्या रेकॉर्डिंगमधून त्याचाच आवाज कॉम्प्युटरमध्ये बसवून दिला. दादा टाइप करतो आणि मशीन त्याच्या आवाजात बोलतं. त्यापेक्षा पाटीवर लिही, असं मी सुचवून पाहिलं होतं. त्यावर त्याने पाटीवरच लिहिलं, "पाटी वाचायला माणसाला वळावं लागतं. आवाज पाठीमागूनही पोचतो."

पण गेलं वर्षभर मशीन रोज सकाळी रुसायला लागलं. दादा ते रात्री बंद करायचा नाही, हायबरनेट करायचा. म्हणजे पडद्यावर जे जे उघडं आहे ते जसंच्या तसं लक्षात ठेवून मशीन झोपतं. सकाळी जागं झालं की प्रोसेसरचा वेग अगदी तळाला. टाइप केल्यावर आवाज उमटायला अर्धं मिनिट लागायचं, तोवर वहिनी स्वयंपाकघरात आणि मी तिसऱ्याच विषयावर. भाजी कोणती करू, याचं उत्तर लाइट बिलाच्या गप्पांत उगवायचं. आम्ही हसायचो, दादाही हसायचा. एकदा मी वैतागून विचारलं, "दादा, आमचा कंटाळा येतो का रे तुला?" आणि "येत असणारच," असं उत्तरही मीच देऊन भांडी घासायला निघून गेले. पुढे पुढे तो कमीच बोलू लागला. शेवटी शेवटी दिवसाला चार-पाच वाक्यं. त्याचा आवाज दुसऱ्यांदा चालला होता, आणि मला घाबरायला झालं होतं.

अगदी सुरुवातीला एक मेकॅनिक आला होता. त्याने आल्या आल्या रीस्टार्ट केलं. मशीन पळायला लागलं, पण दादाची टाइप केलेली, बोलायची राहून गेलेली वाक्यं पुसली गेली, आणि दादा आठ दिवस धुमसत होता. त्यानंतर रीस्टार्टचं नाव काढायची सोय उरली नाही. दुसऱ्याने मशीनकडे न बघताच सांगितलं, "नवीनच घ्या."

मग थांबाबाई आल्या. मी सवयीने सांगायला लागले, "रीस्टार्ट केलं की होतं हो नीट, पण आमचा दादा म्हणजे..."

"थांबा, ताई. दादांना विचारू या." त्या दादाकडे वळल्या. "काय जपायचंय यात?"

दादाने टाइप केलं. अर्धं मिनिट गेलं. बाई हलल्या नाहीत, घड्याळाकडे बघितलं नाही. मी मात्र तीनदा तोंड उघडून मिटलं.

"एकोणीस वाक्यं," मशीन बोललं.

"मग एकही जाणार नाही," बाई म्हणाल्या.

त्या तीन दिवस सकाळी आल्या, मशीन झोपेत असताना. पहिल्या दिवशी वीज वाचवायच्या सेटिंग्ज तपासल्या. त्या ठीक होत्या. दुसऱ्या दिवशी प्रोसेसर तापतोय का ते पाहिलं. तो थंडगार. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्याची बाजू उघडली, टॉर्च लावला आणि दादाला बटण दाबायला सांगितलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. प्रोसेसरवरचा छोटा पंखा जरासा थरथरला आणि थबकला. बाई बोटांवर सेकंद मोजत होत्या. चौथ्या बोटाला पंखा फिरला.

"सापडलं," त्या हळूच म्हणाल्या. "पंख्यातलं तेल सुकलंय. रात्रभर गार पडतो, सकाळी उठायला उशीर करतो. मशीनला वाटतं पंखाच नाही. प्रोसेसर जळू नये म्हणून ते त्याचे पाय बांधून ठेवतं, आणि मग दिवसभर सोडत नाही. रीस्टार्टला पंखा आधीच फिरत असतो, म्हणून तेव्हा तक्रार नाही."

वर्षभर आमच्या घराचं बोलणं चार बोटांच्या उशिराने अडवून ठेवलं होतं!

त्यांनी मशीन पुन्हा हायबरनेट केलं आणि चक्क प्लग उपसला.

"अहो बाई, वाक्यं!"

"ती डिस्कवर लिहिलेली आहेत, ताई. वीज गेली म्हणून लिहिलेलं पुसत नाही."

त्यांनी पंखा काढला, मागचा स्टिकर नखाने सोलला, जुना चिकटा पुसला आणि तेलाचा एक थेंब सोडला. एकच. बोटाने पंखा फिरवला, कानाशी धरला, पुन्हा फिरवला. दादा त्या हातांकडे टक लावून बघत होता, आणि खरं सांगते, मीही. इतकं लक्ष देऊन कुणी आमच्या घरातलं काही ऐकलं नव्हतं. मी तर नाहीच नाही.

"उद्या नवा पंखा आणून बसवते," त्या म्हणाल्या. "आजचं बोलणं अडायला नको."

प्लग लागला. बटण दाबताच पंखा फिरला. पडद्यावर एकेक करत एकोणीस वाक्यांच्या एकोणीस खिडक्या परतल्या, वेगाचा आकडा सरसर वर चढला. विजेशिवाय पडलेल्या त्या डब्यातून सगळं शब्दन्‌शब्द परत आलेलं पाहून मला हात जोडावेसे वाटले, यंत्राला की बाईंना कळेना.

"बघ दादा," मी सुरू झाले, "आता कसं, तुला हवं तेव्हा..."

"थांब," दादाचा आवाज म्हणाला.

वर्षभरात पहिल्यांदा त्याने मला मध्येच तोडलं होतं. वहिनी ओल्या हातांनी दारात आली. दादाने त्या खिडक्यांतली एक पुढे घेतली. आठ महिन्यांपूर्वीची तारीख होती. त्याने बटण दाबलं.

"कंटाळा नाही येत. उत्तर ऐकायच्या आत तू उठून जातेस, त्याचं वाईट वाटतं."

थांबाबाई खाली बघून स्क्रू पिशवीत भरत राहिल्या. मी बाजारात जायला म्हणून पर्स खांद्याला अडकवली होती. ती काढून ठेवली, स्टूल ओढलं आणि दादाजवळ बसले.

"पुढचं लाव," मी म्हटलं.