भावाने दिलेली जाळी

मधाच्या पेट्यांसाठी राणीमाश्या वाढवून विकायचा, म्हणून सगळे त्याला राणीवाला म्हणत. निवडनिवडून त्याने इतकी गरीब जात तयार केली होती, की तो तोंडावर काही न घेता पेटी उघडायचा. पण राणीचं लग्न लागतं हवेत, आणि नवरे येतात शेजारपाजारच्या पेट्यांतून. म्हणून टेकडीपलीकडच्या धाकट्या भावाकडून त्याने शब्द घेतला होता: पेट्या खुशाल ठेव, पण माश्या माझ्याच जातीच्या.

यंदा पेटी उघडताच माश्या त्याच्यावर तुटून पडल्या. त्याने त्या जनुकं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दिल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, "आई तुमचीच आहे हो, बाप मात्र परके."

सुजलेलं थोबाड घेऊन तो भावाच्या घरामागे गेला. तिथे परक्या, तापट माश्यांच्या पेट्यांची रांगच होती.

"मध जास्त देतात ना, दादा," भाऊ नजर चुकवत म्हणाला.

"अरे, केसाने गळा कापलास माझा!"

घरी आल्यावर त्याची नजर खुंटीवर गेली. तिथे तोंडावर घ्यायची जाळी लटकत होती, कोरी करकरीत. गेल्या वर्षी भावानेच आणून दिली होती. "असू दे दादा, कधी लागलीच तर."

तेव्हा तो पोट धरून हसला होता. भाऊ मात्र हसला नव्हता.