डब्याच्या अक्का

आमच्या दवाखान्यातल्या रेकॉर्डच्या खोलीत, लोखंडी कपाटात एक मिसळणाचा डबा होता. स्वयंपाकघरात असतो तोच, स्टीलचा, सात वाट्यांचा. फक्त हळद-मोहरीच्या जागी एकेका वाटीत एकेक पेनड्राइव्ह, आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा. डबा अक्कांनी स्वतःच्या घरून आणला होता. कपाटाची चावी त्यांच्या कमरेला, आणि पेनड्राइव्ह हवा असेल तर आधी वहीत सही: कोणी नेला, कशाला, परत कधी. मी नवीन लागलो तेव्हा रोज सकाळी विचारायचो, अक्का, आज फोडणीला कोणता देता? त्या हसायच्या आणि वही पुढे सरकवायच्या. सगळा दवाखाना त्यांना डब्याच्या अक्का म्हणायचा, ते नाव मीच पाडलं होतं. तेव्हा त्याचा मला अभिमान वाटायचा.

धुळ्यातला एका ट्रस्टचा छातीचा दवाखाना होता तो, बहुतेक पेशंट टीबीचे. मी कॉम्प्युटरवर नोंदी करायचो आणि अक्का रेकॉर्ड सांभाळायच्या. मूळच्या धरणगावच्या, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. कॉम्प्युटर त्यांना फारसा यायचा नाही, एका बोटाने टाइप करायच्या. पण नियम त्यांचा पक्का. कोणाचा घरचा पेनड्राइव्ह आत येणार नाही आणि आतला बाहेर जाणार नाही. एकदा नाशिकहून ट्रेनिंगला साहेब आले. म्हणाले, पासवर्ड लावा, मग हरवला तरी काळजी नाही. अक्कांनी सातही पेनड्राइव्हना पासवर्ड लावून घेतले आणि वर साहेबांना सुनावलं, "कुलूप लावलं म्हणून कोणी तिजोरी रस्त्यावर ठेवत नाही, साहेब."

एकदा शिपायाला स्कूटरी लावतात तिथे एक नवाकोरा पेनड्राइव्ह सापडला. कोणाचा आहे ते पाहू म्हणून तो थेट माझ्या मशीनला लावायला आला. मीही हात पुढे केलाच होता. अक्कांनी मधल्या मध्ये तो काढून घेतला आणि शिपायाला शांतपणे विचारलं, रस्त्यात पडलेला पेढा उचलून खाशील का रे? मग मागच्या ओट्यावर नेऊन दगडाने ठेचला. आम्ही पोट धरून हसलो. चांगला आठ जीबीचा होता हो.

त्यांची दुसरी एक खोड लोकांना फार खटकायची. बाजारात पेशंट भेटला तर अक्का ओळख द्यायच्या नाहीत. सहा महिने जिची विचारपूस केली त्या बाईच्या अंगावरून सरळ निघून जायच्या. मी एकदा बोललोच, की अक्का, लोक तुम्हाला आखडू म्हणतात. तर म्हणाल्या, म्हणू दे. "मी रामराम केला की शेजारीण तिला विचारणार, ही बाई तुला कुठून ओळखते? मग ती काय सांगेल?" आमच्या खान्देशात टीबी बरा होतो हे सगळ्यांना पाठ आहे, पण सोयरीक करताना ते पाठांतर कोणालाच आठवत नाही. अक्कांना हे माहीत होतं. मलाही होतं, नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो. महिनाअखेरीचा अहवाल होता. पेशंटची यादी नीट लावायची होती: नाव, बापाचं नाव, गाव, मोबाइल, कितवा महिना चालू. दुसऱ्या दिवशी माझ्या पुतण्याचा पहिला वाढदिवस, घरी पाहुणे आलेले, आणि मला लवकर सटकायचं होतं. अक्का जेवायला गेल्या होत्या. माझा स्वतःचा पेनड्राइव्ह खिशात होता, सकाळी त्यांच्याकडे जमा केलाच नव्हता. यादी त्यात टाकली, पासवर्ड नाही, वहीत सही नाही. घरी जाऊन काम उरकलं आणि स्वतःवर खूशही झालो. सकाळी त्याच पेनड्राइव्हमध्ये पुतण्याचा फोटो टाकला आणि फ्लेक्सच्या दुकानात नेऊन दिला. कारण आपल्याकडे पोरगं एक वर्षाचं झालं की चौकात फ्लेक्स लागलाच पाहिजे. दुकानातल्या ऑपरेटरने फोटो शोधत न बसता पेनड्राइव्हमधलं होतं नव्हतं ते सगळं आपल्या मशीनवर ओढून घेतलं. मी समोर उभा होतो. घाई करा म्हणालो.

त्या यादीत धरणगावकडच्या एका खेड्यातली मुलगी होती. तिचा पाचवा महिना चालू होता, थुंकीचा रिपोर्ट साफ आलेला, आणि साखरपुडा झालेला. फ्लेक्सवाला ऑपरेटर नेमका मुलाच्या गावचा निघाला. आठ दिवसांत सोयरीक मोडली. मुलीचा बाप, मुलाकडच्यांनी हातात दिलेला कागद घेऊन, अक्कांसमोर येऊन उभा राहिला. आमचीच यादी, छापलेली, वर दवाखान्याचं नाव. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "अक्का, फक्त तुमच्याकडे सांगितलं होतं ना मी."

मी त्याच दुपारी दुकानात गेलो. यादी पुसायला लावली. ऑपरेटर हसत म्हणाला, अरे, ती तुमच्याकडची होती का भाऊ? म्हणजे यादी इथूनच गेली यात मला शंकेलाही जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टी आले आणि एकेकाला आत बोलावलं. माझी पाळी आली. रात्रभर मी ठरवलं होतं, सांगून टाकायचं. पण नोकरी कंत्राटी, घरात कमावणारा मी एकटा, आणि समोर तीन माणसं. त्यांनी विचारलं, यादी बाहेर कशी गेली? मी म्हणालो, "पेनड्राइव्ह सगळे अक्कांकडेच असतात." या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. आयुष्यात मी इतकं खोटं दुसरं काही बोललो नाही.

अक्का तिथेच बाजूला बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. माझं काहीतरी दुखत असावं तसं पाहिलं. मग ट्रस्टींना म्हणाल्या, "चावी माझ्याकडे, म्हणजे चूक माझी." त्यांना रेकॉर्डवरून काढून केसपेपरच्या खिडकीत बसवलं. महिनाभर बसल्या आणि मग राजीनामा देऊन धरणगावला निघून गेल्या. शेवटच्या दिवशी मला फक्त एवढंच सांगून गेल्या, की भाऊ, कपाट रोज लावत जा. कपाट माझ्या ताब्यात आलं होतं. मी पर्मनंटही झालो. नवीन पोरांना आता मीच पेनड्राइव्हचे नियम सांगतो, आणि पोरं म्हणतात सर फार कडक आहेत.

बारा वर्षांत मी धरणगावची एसटी तीनदा पकडली. दोनदा अमळनेरला उतरून परत आलो. तिसऱ्यांदा गेलो तो अक्कांच्या दहाव्याला.

त्यांच्या भाच्याच्या दारात मांडव घातला होता. बायकांत बसलेली एक जण उठून माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिशी ओलांडलेली, अंगाने धडधाकट. म्हणाली, तुम्ही दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसायचे ना? मी ओळखलं नाही, मग तिने गावाचं नाव सांगितलं, आणि तांब्या माझ्या हातातच राहिला. ती शिवणाचे क्लास घेते म्हणाली. लग्नाचं पुढे काही जमलं नाही, बापाने नंतर विषयच काढला नाही. अक्का मात्र दर दिवाळीला यायच्या.

"त्या वेळी आमच्या घरी येऊन त्यांनी माझ्या बापाचे पाय धरले," ती म्हणाली. "बठ्ठा गाव बघत होता, लहानथोर सगळे. माझ्यामुळे झालं म्हणाल्या. इतके लोक होते तुमच्या दवाखान्यात, पण आपली चूक आपल्या तोंडाने सांगणारं माणूस मी ते एकच पाहिलं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला काहीच माहीत नव्हतं. मी पाणी प्यालो, तांब्या तिच्या हातात दिला.

"हो," मी म्हणालो, "अक्का तशाच होत्या."