जनार्दनचा वायरलेस

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तिला वाटतं, रोह्याची कंपनी मी पगारासाठी सोडली. वाटू दे.

नव्वदच्या दशकात आमच्या केमिकल प्लांटमध्ये वॉकी-टॉकी आले. आम्ही नुसतं 'सेट' म्हणायचो. तोवर टाकीवरचा माणूस निरोप द्यायला कंट्रोल रूमपर्यंत चालत यायचा. आता बटण दाबलं की झालं. फक्त चॅनल एकच होता — एक बोलला की अख्ख्या प्लांटला ऐकू जायचं. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

जनार्दन पेणच्या खाडीकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. ॲसिडच्या टाकीवर असायचा. जेवायला आम्ही एकत्र बसायचो आणि वाकट्या मासळीचं कालवण तो आधी मला वाढायचा. एकदा तो सेटवर म्हणाला, "गारी आयली, गेट उघरा." मी कंट्रोल रूममधून बटण दाबलं आणि तस्संच, त्याच्याच सुरात बोलून दाखवलं. सगळा प्लांट हसला. हशा पिकतोय म्हटल्यावर मी थांबतोय कसला? रोजचंच झालं. आधी तोही हसायचा. मग गप्प झाला. मग सेट नुसता कमरेला लावून फिरायला लागला — निरोप असला की पुन्हा पायी यायचा. मी ते बघत होतो. मला त्याचीही गंमतच वाटायची.

एका दुपारी टाकीखालचा पाइप फुटला. तो बटण दाबून नुसता ओरडला असता, तर मी जागेवरून पंप बंद केला असता. तो धावत आला — त्या वाफेतून, डोळ्यांवर हात धरून. एक डोळा गेला. दुसऱ्याने उजेड-अंधार कळायचा, एवढंच.

चौकशीत साहेबांनी विचारलं, सेटवर का बोलला नाहीस? मी समोरच बसलो होतो. त्याने डोळ्यांवरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "सेट बंद व्हता."

बंद नव्हता. सकाळी मीच तपासून त्याच्या हातात दिला होता. मला वाचवायला बोलला, की खरं कारण चारचौघांत सांगायची लाज वाटली त्याला? मी कधी विचारलं नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी — मी मान डोलावली. सेट बंद ठेवला, हा त्याचा हलगर्जीपणा ठरला. त्याला कामावरून काढलं.

काही वर्षांनी तो वडखळला दिसला, एसटीच्या थांब्यावर, हातात काठी. उन्हाची वेळ, आम्ही दोघंच. गाडी येऊन उभी राहिली, तसं त्याने माझ्या बाजूला तोंड वळवलं. "दादा, ही येष्टी पेनला जाते काय?"

पाटी मला दिसत होती. पेणचीच गाडी होती. पण बोललो असतो, तर त्याने मला आवाजावरून ओळखलं असतं. त्याने पुन्हा विचारलं. मी श्वास रोखून उभा राहिलो. गाडी सुटली. मी पाय न वाजवता रस्ता ओलांडला, आणि तो पुढच्या गाडीची वाट बघत तिथेच उभा राहिला.