पाण्यावर जळणारी आग

दहावीच्या वर्षी गणपती झाले की कॉम्प्युटर थेट मार्चपर्यंत बंद, असं बाबांनी जाहीर केलं होतं. मी भांडले नाही. भांडायला बोलावं लागतं. शाळेतून आल्यावर तासभर मी त्यावर एक युद्धाचा खेळ खेळायचे आणि दिवसाचा तेवढाच वेळ मला माझा वाटायचा. त्यात एक लहानसं जहाज होतं. त्याच्या तोंडातून आगीचा लोट निघायचा आणि समोरची मोठी जहाजं धडाधड पेटायची. ते मला फार आवडायचं.

आई मध्ये पडली, तेव्हा बाबांनी एक अट घातली. आमच्या गुजराती शहरातल्या मराठी मंडळात गणपतीत वक्तृत्व स्पर्धा असायची. त्या वर्षीचा विषय होता ‘इतिहासातील एक शस्त्र’. खेळातून मी खरंच काही शिकले असेन, तर तिथे उभं राहून सांगावं आणि बक्षीस मिळवावं. मिळालं तर रविवारचा तास माझा.

मग मी लायब्ररीत बसून इंग्रजी विश्वकोश वाचले. ती आग खरी होती. हजारभर वर्षांपूर्वी बायझंटाइन साम्राज्याचं आरमार नळीतून ती शत्रूवर सोडायचं. ती पाण्यावरही जळत राहायची. कृती इतकी गुप्त ठेवली होती की शेवटी ती हरवलीच. आज कोणालाच नक्की ठाऊक नाही. हे वाचून मला ती माणसं एकदम जवळची वाटली.

भाषण मराठीत, पण लिहिलं मात्र इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी वाचताना मी अडखळायचे. माझ्याआधीच्या मुलांनी तलवार, दांडपट्टा, वाघनखं आणली होती. माझी आग ऐकून सतरंजीवरची लहान मुलंसुद्धा गप्प झाली. न अडखळता संपवलं. तिसऱ्या रांगेत बाबा जरा पुढे वाकून बसले होते.

परीक्षक, एक निवृत्त शिक्षक, कौतुकाने म्हणाले, “छान. पण पाण्याने विझत नाही, मग ही आग विझवायची कशाने?”

मला उत्तर येत होतं. वाळू, जहाल व्हिनेगर आणि साठवलेलं मूत्र. पण समोर आरतीचं ताट, पहिल्या रांगेत सगळ्या काकू आणि शेजारी गणपती. तो तिसरा पदार्थ काही तोंडातून निघेना, आणि त्याच्या भीतीने पहिले दोनही अडकले. मग मी खेळात जे घडायचं ते सांगितलं.

“गावकरी येतात आणि हातोडीने जहाज दुरुस्त करतात.”

मंडप हसला. मागून एक काका म्हणाले, “म्हणजे आग लागली की आधी सुतार बोलवायचा, बंबवाला नंतर!” परीक्षकही हसले. बक्षीस दांडपट्ट्याला गेलं.

स्कूटरवर मागे बसून मी बाबांच्या शर्टाकडे बघत होते. फतेगंजच्या सिग्नलला त्यांनी मान न वळवता विचारलं, उत्तर माहीत नव्हतं का? मी त्यांच्या कानाशी वाकून तिन्ही पदार्थ सांगितले. हिरवा लागला तरी स्कूटर हलेना. मागच्या रिक्षावाल्याने गुजरातीत आमचा उद्धार केला. बाबांचे खांदे हलत होते.

“बोलायचं होतंस गं,” ते म्हणाले. “गणपतीला कुठे राग येतो?”

अट मात्र अटच राहिली. पण विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी, वायरी काढण्याआधी, त्यांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि ते जहाज दाखव म्हणाले. मी माउस त्यांच्या हातात दिला. त्यांनी ते आगीचं जहाज थेट शत्रूच्या किनाऱ्यावरच्या दगडी बुरुजांवर नेलं आणि अशी एकामागून एक आपलीच आठ जहाजं बुडवली. मी काहीच शिकवलं नाही, नुसती बघत राहिले. नववं जहाज निघालं, तेव्हा आईने जेवायला हाक मारली. “थांब गं, एवढं एक,” बाबा म्हणाले.