आबांची फाइल

धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या एसटीत एक सुतार माझ्या शेजारी होता. पिशवीतल्या करवतीचे दात कुणाला लागू नयेत म्हणून त्यानं त्यांवर हात ठेवला होता.

“काय लिखी राह्यनात भाऊ?” लॅपटॉपकडे पाहत त्यानं विचारलं.

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, तोंडून आठवणी लिहून घ्यायला हा एडिटर मी स्वतः प्रोग्राम करून घडवलाय, असं मी सांगितलं. एका बटणानं नवं टिपण उघडतं, तारीख आपोआप पडते, अहिराणी शब्द वेगळ्या रंगात दिसतात. दोन वर्षं लागली.

“मंग लिखं कितलं?”

मी लॅपटॉप मिटला.

“धार लावाम्हाच दिन गया, तं खाट कव्हय व्हई?”

मला भयंकर संताप आला. याला काय कळतं यातलं? एरंडोलला तो उतरला तरी मी धुमसत होतो. त्याच तिरमिरीत घरी जाऊन मी एडिटरवरच बसलो. आबा खाटेवरून म्हणाले, “बस ना जरा, सांगस तुले.” मी खेकसलो, “थांबा, एवढा शॉर्टकट बसवू द्या.”

मागच्या पोळ्याला आबा गेले. संताप अजून आहे, पण सुतारावर नाही. आबांच्या फाइलीत एकच ओळ आहे, तारखेची. तीही एडिटरनंच घातलेली.