मदिना मण्यारचा प्रश्न

सोनगीरच्या किल्ल्याखाली मदिना मण्यार राहते. बांगड्यांचा धंदा सासऱ्यापासूनचा. नवरा अय्युब आठवडे बाजारात दुकान मांडतो, मदिना टोपली घेऊन खेडोपाडी फिरते. गरोदर सुनेला सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरायचा तर बोलावणं तिलाच. पंजा अलगद दाबत ती बांगड्या चढवते आणि हात हातात असतानाच विचारते, "बहीन, तुना रगतना गट कोणता शे?"

रक्तगटाचा हा प्रश्न तिच्या स्वतःच्या दुःखातून आला. पहिली मुलगी निलोफर माहेरी, दाईच्या हातून सुखरूप झाली. तेव्हा रक्त तपासायचं कोणाच्या मनातही आलं नाही. दुसरं मूल जन्मलं ते पिवळंधमक. आठवडाभरही जगलं नाही. तिसरं पोटातच गेलं. कोणी नजर लागली म्हणालं, कोणी तिलाच करंटी ठरवलं. सासू अय्युबसाठी दुसरी मुलगी बघू लागली. अय्युब तसा कमी बोलणारा. त्याने आईला साफ नकार दिला आणि मदिनाला धुळ्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी समजावून सांगितलं. मदिनाचं रक्त निगेटिव्ह, अय्युबचं पॉझिटिव्ह. निलोफरने बापाचं रक्त घेतलं होतं. बाळंतपणात तिच्या रक्ताचा अंश आईत मिसळला आणि आईचं शरीर त्या परक्या रक्ताशी लढायला शिकलं. पहिलं मूल बचावलं, पुढच्यांवर ती लढाई उलटली. निलोफरच्या वेळी एक इंजेक्शन मिळतं तर हे टळलं असतं. आता त्याचा उपयोग नव्हता.

परतताना एसटीत मदिना रडत होती. सोनगीर आलं तेव्हा तिने डोळे पुसले आणि अय्युबला विचारलं, बाकीच्या बायकांना हे कोणी सांगितलं असेल का?

तेव्हापासून ती विचारते. निगेटिव्ह असेल तर बाईला दवाखान्यात धाडल्याशिवाय पाठ सोडत नाही. या चौकशीला कंटाळून काही घरांनी तिला बोलावणं बंद केलं. तिने ते मनावर घेतलं नाही.

जवळच्याच खेड्यातल्या लिलाबाईंनी मात्र तिला चांगलंच सुनावलं होतं. त्यांची सून समीक्षा निगेटिव्ह, मुलगा प्रशील पॉझिटिव्ह. नर्सबाईंनी सातव्या महिन्यातलं इंजेक्शन सांगूनही लिलाबाई टाळत होत्या. पोटुशीला उगाच सुया कशाला, असं त्यांचं मत.

"तू बांगड्या भर. तुले काय करनं शे?" त्या म्हणाल्या.

मदिनाने टोपली बाजूला सारली. "मना दोन पोरे कबरस्तानमा शेतस, अक्का. तुना घरमा असं व्हवाले नको."

लिलाबाईंनी सुनेला चप्पल घालायला सांगितलं आणि स्वतः सोबत दवाखान्यात निघाल्या.

धुळ्याच्या दवाखान्यात समीक्षाला मुलगा झाला, रक्त पॉझिटिव्ह. बाळंतपणानंतरचं इंजेक्शन तीन दिवसांच्या आत द्यायचं होतं आणि नेमकं तेच दवाखान्यात संपलं होतं. सणामुळे बाहेरची बरीच दुकानं बंद. लिलाबाईंनी फोन केला तो मदिनाला. ती त्या दिवशी धुळ्यातच माल घ्यायला आली होती. खरेदी अर्धवट टाकून प्रशीलला घेऊन ती औषधांच्या दुकानांतून फिरली. शेवटी देवपूर भागात एका दुकानदाराकडे इंजेक्शन मिळालं. ते थंडच राहायला हवं म्हणून तिने शेजारच्या रसवंतीतून बर्फ मागून घेतला आणि बर्फाचा डबा मांडीवर धरून रिक्षाने दवाखाना गाठला. इंजेक्शन वेळेत टोचलं गेलं.

दोन वर्षांनी समीक्षाला मुलगी झाली. मदिना बघायला गेली. बाळाच्या कपाळावर तिने बोट दाबलं, काढलं आणि कातडीचा रंग निरखला. पुन्हा एकदा दाबून पाहिलं. पिवळेपणा कुठेच नव्हता. बाळाने चिडून भोकाड पसरलं, तशी मदिना हसली आणि तिला आईच्या कुशीत देऊन अंगणात गेली. तिथे बराच वेळ तोंड धूत राहिली. लिलाबाईंनी चहा ठेवला.

चहा घेऊन मदिनाने टोपली उचलली. पुढच्या गावी एक सून सातव्यात होती.